बटण दिसतंय की! मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत ब्राउझरांच्या भानगडी

नागाव असो, काशीद असो की दिवेआगर, शनिवार-रविवार जवळ आला की होमस्टेच्या फोनवर हा संवाद हमखास झडतो.

‘‘काका, तुमच्या साइटवर बुकिंगचं बटणच नाहीये.’’

‘‘आहे की! माझ्या मोबाइलवर तर दिसतंय.’’

दोघंही खरं बोलत असतात. काकांच्या हातात अँड्रॉइड, त्यात क्रोम. पाहुणा मुंबईचा, त्याच्या हातात जरा जुना आयफोन, त्यात सफारी. पत्ता एकच, पान एकच, पण ते पान वाचून पडद्यावर मांडणारं इंजिन वेगळं. आणि गंमत म्हणजे बटण गायब व्हायचं कारण बऱ्याचदा बटणात नसतंच. ते असतं ‘₹३,५००’ मधल्या स्वल्पविरामात.

ते कसं, ते बघा. आकड्यात स्वल्पविराम कुठे द्यायचा हे ठरवायला प्रोग्रामर एक शोधसूत्र लिहितो. ‘याच्या आधी अमुक असेल तरच’ अशी अट त्यात घालता येते. ही अट क्रोमला २०१७ पासून कळते. सफारीला ती कळायला मार्च २०२३ उजाडला, १६.४ ही आवृत्ती यावी लागली. जावास्क्रिप्टचा स्वभाव असा, की फाइलमधल्या एका ओळीचं व्याकरण कळलं नाही तर अख्खी फाइल नाकारायची. मग त्याच फाइलमध्ये बटण आणणारा कोड असेल तर तोही गेला. स्वल्पविरामापायी खोली रिकामी!

‘‘मग आयफोनवर क्रोम टाका,’’ असा सल्ला काका देतात. तोही फुकट जातो. ॲपलच्या नियमानुसार आयफोनवरचा प्रत्येक ब्राउझर आतून सफारीचंच वेबकिट इंजिन वापरतो. वर क्रोमचं बोधचिन्ह असतं, आत सफारीच. युरोपीय संघातल्या देशांना २०२४ मध्ये यातून सूट मिळाली. अलिबाग तालुका अजून युरोपात नाही.

सगळ्यांचं आडनाव मोझिला

ब्राउझर एखाद्या साइटवर जातो तेव्हा आधी आपली ओळख सांगतो. क्रोम ती अशी सांगतो: मी मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेकोसारखा, क्रोम, सफारी. एवढ्या नावांतलं खरं एकच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच.

याचं मूळ नव्वदच्या दशकात आहे. १९९३ मध्ये मोझेक हा चित्रं दाखवणारा ब्राउझर गाजला. त्याला खाऊन टाकायला नेटस्केप निघालं, त्याचं घरातलं नाव मोझिला. नेटस्केपला पानाचे वेगवेगळे कप्पे करून दाखवता येत, म्हणून साइटवाले ‘मोझिला असेल तरच चांगलं पान द्या’ असं लिहू लागले. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्स्प्लोरर आला तेव्हा त्यालाही चांगलं पान हवं होतं. त्याने सरळ ‘मी मोझिला’ सांगायला सुरुवात केली. पुढे जो आला त्याने आधीच्यांची सगळी नावं स्वतःच्या पाटीवर चढवली.

ऑपेराची तऱ्हा तर फारच मजेशीर. त्याची दहावी आवृत्ती आली तेव्हा कळलं, की बऱ्याच साइट आवृत्तीचा फक्त पहिला अंक वाचतात. दहाचा पहिला अंक एक, म्हणजे हा ऑपेरा १, म्हणजे अतिजुना, म्हणजे बाहेर हाकला! शेवटी ऑपेराने कायमचं ‘९.८०’ असं खोटं वय सांगायचं ठरवलं. मार्च २०२२ मध्ये क्रोमची शंभरावी आवृत्ती आली तेव्हा तीन अंकी आकडा पाहून साइट गडबडतील, ही धास्ती पुन्हा सगळ्यांनी खाल्ली.

एक्स्प्लोररचा वनवास

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. इंटरनेट एक्स्प्लोररची पहिली आवृत्तीही त्याच ऑगस्टमधली. दोघं बरोबरीचेच. पण भारतातल्या सायबर कॅफेंनी खरा अनुभव घेतला तो २००१ सालच्या सहाव्या आवृत्तीचा. नेटस्केप हरलं होतं, स्पर्धा उरली नव्हती, त्यामुळे सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तेव्हा वेबसाइट बनवणाऱ्यांना विचारा, अजून दात-ओठ खातात. पारदर्शक पार्श्वभूमीचं चित्र टाकलं की मागे करडा चौकोन. डावीकडे दहा पिक्सेल जागा सोडली की वीस सुटायची. पानातला मजकूर नाहीसा व्हायचा आणि माउस फिरवला की परत यायचा. या दोषाला ‘पीकाबू’ असं लाडाचं नावही होतं. एकच साइट एकदा जगासाठी आणि एकदा एक्स्प्लोररसाठी, अशी दोनदा लिहावी लागे, पैसे मात्र एकदाच मिळत.

पुढे लोकांनी सूड उगवला. २००९ मध्ये यूट्यूबच्या काही इंजिनिअरांनी वरिष्ठांना फारसं न विचारता ‘या ब्राउझरची साथ आम्ही लवकरच सोडणार’ अशी पट्टी लावून टाकली. २०१२ मध्ये कोगन या ऑस्ट्रेलियन दुकानाने एक्स्प्लोररची सातवी आवृत्ती वापरणाऱ्यांकडून ६.८ टक्के जादा कर घेतला. ती आवृत्ती येऊन झालेल्या प्रत्येक महिन्याला ०.१ टक्का, असा चोख हिशेब. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोरर निवृत्त केला, तेव्हा दक्षिण कोरियातल्या एका इंजिनिअरने त्याचं दगडी थडगं बांधलं. त्यावर कोरलं, की दुसरे ब्राउझर डाउनलोड करायला हे चांगलं साधन होतं.

पण एका बाबतीत एक्स्प्लोररवर अन्यायच झाला, असं माझं ठाम मत आहे. तीनशे पिक्सेलची चौकट आखली आणि आत दोन्ही बाजूंनी वीस-वीस पिक्सेल मोकळी जागा ठेवली, तर चौकट एकूण किती रुंद? मानक सांगतं, ३४०. एक्स्प्लोररची पाचवी आवृत्ती म्हणायची ३००, कारण मोकळी जागा आतच धरायची. शाळेतल्या पोरालाही दुसरंच उत्तर पटेल. त्या काळी एक्स्प्लोररला मूर्ख ठरवलं गेलं. आज जवळजवळ प्रत्येक साइटच्या पहिल्या काही ओळींत ‘एक्स्प्लोररसारखं मोजा’ असा आदेश असतो, फक्त त्याचं नाव कुणी घेत नाही.

५/६ ला या, म्हणजे कधी?

आता परत किनाऱ्यावर. होमस्टेच्या साइटवर सगळ्यात जास्त घोळ घालते ती तारीख. पाहुण्याने ५/६ लिहिलं म्हणजे त्याला ५ जून म्हणायचंय. जावास्क्रिप्ट अमेरिकी वळणाचं. ते ६ मे समजतं. मे महिन्याच्या सुट्टीची गर्दी एकीकडे आणि जूनमधला पाऊस दुसरीकडे, फरक केवढ्याचा! १८/५ लिहिलं तर आणखी बरं, अठरावा महिना नसतो म्हणून निदान चूक तरी पकडली जाते.

बरं, तारीख निवडायला कॅलेंडर द्यावं, तर मॅकवरच्या सफारीला ते २०२१ पर्यंत दाखवताच येत नव्हतं, नुसती रिकामी चौकट यायची. एक्स्प्लोररला तर शेवटपर्यंत जमलं नाही.

पण सगळ्यात बहारदार किस्सा मराठीचाच. ब्राउझरला सांगा, आजची तारीख मराठीत लिही. तो झकास देवनागरी अंकांत लिहून देतो, १८/५/२०२४. हिंदीत लिही म्हटलं तर इंग्रजी अंक वापरतो, मराठीला मात्र हा मान आहे. आता त्याचीच ती मराठी तारीख त्याला परत वाचायला द्या. उत्तर येतं: अवैध तारीख! स्वतःचं अक्षर स्वतःलाच लागत नाही.

किनाऱ्याजवळचा ‘ऱ्या’

रायगडच्या किनारपट्टीवरच्या जाहिरातींत सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द कोणता? माझा अंदाज, ‘समुद्रकिनाऱ्याजवळ’. आणि नेमका यातच ‘ऱ्या’ बसलाय. हे चंद्रकोरीसारखं वळण मराठीचं खास. ते संगणकात दोन पद्धतींनी लिहिता येतं. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ, दुसरीत साधा र आणि त्याला चिकटलेलं न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. ते अदृश्य चिन्ह कॉपी-पेस्ट करताना गळालं की रफार डोक्यावर चढतो आणि ‘किनार्याजवळ’ होतं. जुन्या मोबाइलांवर तर र, मग लोंबणारा हलन्त, मग य अशी तिघांची वरात निघायची.

‘ॲ’चंही तेच. मराठीला हे अक्षर रोज लागतं, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्वमान्य अक्षरयादीत, त्याला स्वतंत्र जागा मिळाली थेट २००८ मध्ये. तोवर अ वर चंद्र ठेवून भागवत होतो. काही ब्राउझर तो चंद्र मुकाट ठेवत, काही मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ काढून निषेध नोंदवत. ‘ॲक्वा स्पोर्ट्स’चे बोर्ड रंगवणाऱ्याला असा त्रास कधी झाला नाही.

आता एक मोजणी करा. ‘श्रीवर्धन’ या शब्दात अक्षरं किती? आपण म्हणणार चार: श्री, व, र्ध, न. संगणक म्हणतो नऊ, कारण तो हलन्त आणि वेलांटी वेगळी मोजतो. साठवायला लागतात २७ बाइट. आणि वेबपत्त्यात हा शब्द असेल तर क्रोमच्या पट्टीत तो सुंदर मराठीत दिसतो, पण तिथून कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका, टक्क्यांची चिन्हं आणि आकडे-अक्षरं मिळून ८१ चिन्हांची माळ उमटते. पाहुण्याला वाटतं, लिंक व्हायरसची आहे.

‘.भारत’ हे देवनागरी डोमेन ऑगस्ट २०१४ मध्ये आलं, मराठी आणि कोकणीसुद्धा त्यात होत्या. मोठ्या हौसेने घेतलेलं हे नाव पडद्यामागे कसं जातं? एक्सएन, मग दोन आडव्या रेघा, मग एच२बीआरजे९सी. ब्राउझरला जरा संशय आला की तो पडद्यावरही हेच दाखवतो.

अक्षरांच्या वळणाचंही राजकारण आहे. राज्य सरकारने २००९ च्या शासन निर्णयात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच मराठीची रूपं ठरवली. कितीतरी फाँटांत दोन्ही वळणं असतात, पण पान मराठी आहे हे ब्राउझरला सांगितलं तरच मराठी वळण निघतं. बहुतेक साइटच्या कोडमध्ये भाषा लिहिलेली असते ‘इंग्रजी’, कारण तयार साचा तसाच आलेला. मग अलिबागच्या ‘लि’ला हिंदी वळण. दुरुस्ती दोन अक्षरांची आहे, पण करतो कोण?

आणि डिझायनर मंडळींना एक हात जोडून सांगणं: इंग्रजी मथळ्यात अक्षरं विरळ केली की रुबाब येतो, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात. कृपा करा.

युनिकोडच्या आधीच्या काळाच्या मानाने हे सगळं म्हणजे चैन. तेव्हा प्रत्येक मराठी साइटचा फाँट वेगळा. वाचकाने आधी फाँट उतरवायचा, मग बातमी वाचायची. १९९७ च्या सुमारास पानाबरोबरच फाँट पाठवायची सोय आली, पण मायक्रोसॉफ्टची एका प्रकारची आणि नेटस्केपची दुसऱ्या प्रकारची. एकात मराठी दिसे, दुसऱ्यात टोप्या घातलेली रोमन अक्षरं. विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी नीट दिसायला मूळ सीडी घालून सोय चालू करावी लागे, आणि ती सीडी कधीच सापडत नसे.

सुरमई थाळीसमोर तिरपं टिंब

१५ जुलै २०१० रोजी रुपयाला ₹ हे चिन्ह मिळालं. युनिकोडमध्ये ते ऑक्टोबरात आलं. मधल्या दिवसांत मंगळुरूच्या एका कंपनीने घाईघाईत फाँट काढला आणि टॅबच्या वरच्या कळीवर ₹ बसवला. त्या कळीवर मुळात एक तिरपं टिंब असतं. फाँट असेल तिथे रुपया, नसेल तिथे टिंब. जुन्या निविदांत आणि मेनूकार्डांत रकमेआधी असं टिंब दिसलं तर समजा, तो २०१० चा रुपया आहे.

झेंड्याचीही मजा आहे. पानावर तिरंग्याचा इमोजी टाका. विंडोजवरच्या क्रोममध्ये झेंडा नाही, नुसती ‘आय’ आणि ‘एन’ ही दोन रोमन अक्षरं येतात, कारण विंडोज देशांचे झेंडे देतच नाही. त्याच संगणकावर फायरफॉक्स उघडा, तिरंगा हजर. फायरफॉक्स स्वतःची चित्रं बरोबर घेऊन फिरतो.

मुरूडच्या जंजिऱ्याचा फोटो आयफोनवर काढून थेट साइटवर चढवलात, तर तो ॲपलने २०१७ पासून आणलेल्या हेइक प्रकारात असू शकतो. सफारीत सतराव्या आवृत्तीपासून दिसतो, क्रोममध्ये मात्र जंजिऱ्याच्या जागी फाटकं चित्र. सिद्दीचा किल्ला अजिंक्य तो असा. लाटांचा आवाज आपोआप सुरू होईल अशी हौस असेल तर तीही सोडा; २०१८ पासून क्रोम परवानगीशिवाय आवाज वाजू देत नाही, आणि त्याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

सेतू केंद्रातला जुना ब्राउझर

तालुक्याच्या गावी सेतू केंद्रात किंवा ठेकेदाराच्या कार्यालयात एक संगणक असा असायचा, ज्याला कुणी अपडेट करू देत नसे. कारण डिजिटल सही! ई-टेंडरसाठी लागणारी पेनड्राइव्हसारखी टोकन जावाच्या जोरावर चालत, आणि क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये असल्या जोडण्यांना दार बंद केलं. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. मग ‘जुना फायरफॉक्सच ठेवा, अपडेट आला तर नाही म्हणा’ हा मंत्र तोंडोतोंडी पसरला.

डिजिटल सहीचा सातबारा उघडला की काही प्रोग्रामांत सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह येतं. लोक घाबरतात, की उतारा खोटा. उतारा खरा असतो. त्या प्रोग्रामने सही करणाऱ्याला अजून ओळखलेलं नसतं एवढंच. अडोबी रीडरमध्ये एकदा सही तपासून विश्वास नोंदवला की हिरवी खूण येते. क्रोम सही तपासायच्या भानगडीत पडतच नाही, त्यामुळे तिथे ते प्रश्नचिन्ह जन्मभर तसंच.

आणि सरकारी साइटवरची ती सरकत जाणारी सूचनांची पट्टी? ती मायक्रोसॉफ्टची. नेटस्केपने मजकूर लुकलुकवला, उत्तरादाखल यांनी सरकवला. लुकलुकणं २०१३ मध्ये फायरफॉक्सनेही बंद केलं. सरकती पट्टी मानकांत कालबाह्य म्हणून नोंदलेली आहे आणि तरीही सगळ्या ब्राउझरांत चालते. ब्राउझरांचं एकमत झालं, ते नेमकं हिच्यावर!

अलिबागचा जुना धडा

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती इथे आली. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड टाळलं. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप घेतलं, दोन्हीतला फरक ताडून पाहिला आणि मगच जुनं सोडलं.

ब्राउझरवाल्यांना इतकी शिस्त यायला शंभर वर्षं लागली. २००५ मध्ये ‘ॲसिड टू’ नावाची चाचणी आली. सगळे नियम पाळले तर पडद्यावर हसरा चेहरा उमटायचा, चुकलं की नाक एकीकडे नि डोळे दुसरीकडे. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी एकत्र बसून कोणत्या गोष्टी सगळीकडे सारख्या चालवायच्या याची यादी ठरवतात. त्याचा फरक खरोखर पडलाय. इंजिनंही आता तीनच उरलीत: वेबकिट, त्यातून २०१३ मध्ये वेगळं झालेलं क्रोमचं ब्लिंक, आणि फायरफॉक्सचं गेको. मायक्रोसॉफ्टच्या एजनेही २०२० पासून गूगलचंच इंजिन घेतलंय.

म्हणून किनाऱ्यावरच्या मालकांना एवढंच सांगतो. साइट बनवणाऱ्या पोराला पैसे द्यायच्या आधी पान तुमच्या फोनवर नव्हे, मुंबईच्या एखाद्या पाहुण्याच्या जुन्या आयफोनवर उघडून दाखवायला सांगा. महिना आकड्यात न लिहिता अक्षरात लिहायला लावा. ‘समुद्रकिनाऱ्याजवळ’ मोठ्याने वाचून बघा. आणि फोन नंबर चित्रात कोंबू नका, साध्या मजकुरात पानाच्या अगदी वर द्या; म्हणजे बटण रुसलं तरी पाहुणा रुसणार नाही.